उतरलेल्या माणसांचं वजन

१

सांगा बघू, तुम्ही भरवसा कोणावर ठेवाल? माणसाच्या जिभेवर, कारागिराच्या कानावर, की काट्यावर?

कुंदनशेठना हे विचारलं असतं तर त्यांनी आधी तुमच्यापुढे चहा ठेवला असता आणि मग मेव्हण्याची गोष्ट सांगितली असती. बोईसरला नवापूर नाक्याच्या अलीकडे त्यांचं भंगाराचं आणि जुन्या सुट्या भागांचं दुकान. शाळा आठवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण नट, पाने आणि गिऱ्हाइकं यांच्याकडून. धंद्याच्या पहिल्याच वर्षी मनोरचा एक व्यापारी टेम्पोभर लोखंड घेऊन आला. काट्यावर टेम्पो चढला, आकडा लागला, आणि तेवढ्यात ताडपत्री शिंकली! वर करून बघतात तर आत व्यापाऱ्याचा सख्खा मेव्हणा, लोखंडाबरोबर वजनात धरायला झोपवलेला.

"तेव्हापासून सांगतो," कुंदनशेठ म्हणायचे, "जीभ खोटं बोलते. कान म्हातारा होतो. काट्याला ना मेव्हणा, ना व्याही. आणि ज्याच्या मनात काळं असेल, तो भरली गाडी मोजताना आत बसतो आणि रिकामी मोजताना बाहेर उभा राहतो. म्हणून मोजताना गाडीत कोणी नको. माणसं खाली."

आणि म्हणूनच त्यांच्या दुकानाचा एक नेम होता. आत येणारी प्रत्येक वस्तू आधी मोजायची. विकत घेतलेली असो वा दुरुस्तीला आलेली. मग त्यांच्या होणाऱ्या जावयानं हौसेनं आणलेली सत्तर वर्षांची मोटारगाडी त्यातून कशी सुटावी?

गाडी होती पालघरजवळच्या माहीमची. पानवेलीच्या वाडीमागच्या पत्र्याखाली कित्येक वर्षं उभी. डुकरासारखं पुढं आलेलं नाक, म्हणून लोक तिला डुक्करगाडी म्हणत. मेहुलनं ती पाहिली आणि पोरगा वेडाच झाला. "काका, लग्नात हिमानीला ह्याच गाडीतून नेणार! पालघरच्या हॉलवरून थेट माझ्या घरी, माहीमला!" हिमानी म्हणजे कुंदनशेठची एकुलती एक लेक. ती लाजली, तिच्या आईनं, हंसाबाईंनी, कपाळाला हात लावला आणि कुंदनशेठना मनातून गुदगुल्या झाल्या. जुनं यंत्र आणि लेकीचं लग्न एकाच मांडवात, आणखी काय हवं?

गाडी टेम्पोवर लादून आणली. वाटेत रूपेशच्या धरमकाट्यावर मोजली. कारखान्यांचे ट्रक मोजायचा तो मोठा वजनकाटा, दहा-दहा किलोनं चढणारा. भरल्या टेम्पोतून रिकामा टेम्पो वजा जाता गाडी भरली नऊशे दहा. पावती कुंदनशेठनी खिळ्याला टोचून ठेवली.

२

लग्न रविवारी होतं. आधीच्या आठवड्यात गाडी सुरू झाली, आणि सुरू झाल्यावर बंद पडायला लागली.

आता इथं तुम्हाला वाटेल शेठ चिडले असतील. छे! कुंदनशेठ खूश झाले. त्यांचं म्हणणं असं की साफ मेलेलं यंत्र म्हणजे कारकुनी काम. पण मध्येच मरून मध्येच जिवंत होणारं यंत्र म्हणजे रहस्य! त्यांनी लगेच तारापूरहून नामदेवला बोलावलं.

नामदेव तामोरे म्हणजे किनाऱ्यावरच्या बोटींचा डॉक्टर. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे, की कोणता वॉल्व्ह रुसलाय ते सांगायचा. तो आणि कुंदनशेठ तीस वर्षांचे दोस्त, आणि तीस वर्षं भांडत आलेले.

"शेट, तुमी फक्त चहा सांगा. हात लावू नका."

"तुझ्या हातानं बोटी बुडतात, माझ्या हातानं दुकान चालतं. सरक."

कुंदनशेठची पद्धत ठरलेली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. त्यांनी शाळकरी वही घेतली, रकाने आखले: तारीख, कुठं बंद पडली, किती मिनिटांनी सुरू झाली, गाडीत कोण होतं. वही मेहुलच्या हातात दिली. "जितक्या वेळा बंद पडेल तितक्या ओळी. आजार लपवणाऱ्याला औषध मिळत नाही."

मग सुरू झाली शिकार. आधी संशय टाकीवर. झाकणाचं बारीक भोक बुजलं तर आत हवा शिरत नाही, पेट्रोल खाली उतरत नाही. झाकण सैल ठेवून मेहुल निघाला. गाडी कोळगावला, जिल्हा मुख्यालयासमोर भर रस्त्यात थांबली. दोन शिपायांनी हसत हसत धक्का मारला. मग संशय उन्हावर. तापून पेट्रोलची नळीतच वाफ होते, म्हणून पंपावर ओलं फडकं गुंडाळलं. उमरोळीला बंद. मग संशय ठिणगीवर. कॉइल बदलली. पालघरला बंद. कंडेन्सर बदलला. माहीमच्या वळणावर बंद. चारही वेळा मेहुल एकटा होता आणि चारही वेळा पाच मिनिटांनी अर्ध्या चावीवर गाडी सुरू झाली, जसं काही झालंच नाही.

नामदेव दोन फेऱ्या मेहुलबरोबर गेला. दोन्ही वेळा बंद. त्यानं प्लग काढून उन्हात धरले. काळे असते तर पेट्रोल जास्त, पांढरे असते तर कमी. प्लग होते अगदी बिस्किटाच्या रंगाचे.

"येवढी निरोगी मशीन मी बघितली नाय," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

मंगळवारी सकाळी कुंदनशेठ स्वतः त्याच्याबरोबर चिंचणीच्या रस्त्याला निघाले. नामदेव चाकावर, शेठ शेजारी, कान टवकारलेले. मिठागरांच्या पुढे इंजिनाचा सूर बदलला. उपाशी इंजिन आचके देतं, ठिणगी हुकली तर खोकतं. हे काहीच नव्हतं. सूर खाली खाली गेला, सावकाश, चढण लागल्यासारखा. आणि रस्ता तर पाटासारखा सपाट.

गाडी थांबली. वारा तेवढा राहिला.

"शेट," नामदेव हळू म्हणाला, "हिला भूक नाय लागली. हिच्यावर वझं पडतंय."

३

झालं! कुंदनशेठनी मांडीवर थाप मारली. वजन म्हणजे त्यांचाच प्रांत.

"ब्रेक चिकटलाय," ते ओरडले. "ब्रेक धरून ठेवतोय, इंजिन ओढून ओढून मरतंय! इतकं सोपं, आणि आपण कॉइल बदलत बसलो!"

जॅक लावून चाक उचललं. नामदेवनं बोटानं टिचकी दिली. चाक फिरलं ते फिरतच राहिलं. दुसरं, तिसरं, चौथं, सगळी चाकं मोकळी.

गाडी खाली ठेवताना कुंदनशेठचं लक्ष मागच्या टायरकडे गेलं. गाडी आली तेव्हा टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं बसत होती. त्यांनी स्वतः घालून पाहिली होती. आता तीनच बसली, तीही चेपून.

"स्प्रिंगा बसल्या असतील," ते म्हणाले. "म्हाताऱ्या आहेत."

"शेट, बसलेली स्प्रिंग मी वळखत नाय का?" नामदेव म्हणाला.

बुधवारी सकाळी कुंदनशेठ एकटेच हळूहळू गाडी घेऊन रूपेशच्या काट्यावर गेले. वाटेत ती बंद पडली नाही. रूपेश म्हणजे खिडकीतला तरणा माणूस, सगळ्या ट्रकवाल्यांचा भाचा.

"काय शेठ, नवरी मोजायला आणली?"

"मोज बाबा. मी खाली उतरतो. टाकीत पेट्रोल तळाशीच आहे, मागच्या वेळेसारखं."

ते उतरले, फलाटावरून बाजूला झाले. रूपेशनं बटण दाबलं. लाल आकडे थरथरले आणि थांबले. एक हजार पन्नास.

एकशे चाळीस किलो जास्त!

कुंदनशेठना हसू फुटलं. तुम्ही असता तर घाबरला असता. पण त्यांना आठवला तो शिंकणारा मेव्हणा! "अरे वा! कोणीतरी माझ्याशी खेळतंय!" त्यांनी गाडीचं पुढचं नाक उघडलं, डिकी उघडली, सीट उपसली. भंगारवाले ओली रेती कुठं लपवतात ते त्यांना पाठ होतं. दारांच्या पोकळीत टिचक्या मारल्या. खालून आरसा फिरवला. चाकांच्या आतली बाजू पाहिली. अर्ध्या तासानं ते घामाघूम होऊन उभे राहिले. गाडीत एक उंदीरही नव्हता.

"रूपेश, खरं सांग. काटा मारतोस?"

रूपेशचा चेहरा उतरला. "शेठ, तुमच्याशी? परवाच सरकारी माणसं तपासून शिक्का मारून गेलीत. पायजे तं रिकामा ट्रक चढवून बघा."

एक ओळखीचा ट्रक चढवला. आकडा जिथल्या तिथं आला.

मग? सीट जागेवर बसवताना कुंदनशेठना आणखी एक गोष्ट दिसली. मागच्या लांब सीटवर खळगे होते. एकमेकांत मिसळलेले, उथळ. कोणी बसून उठल्यावर गादीला पडतात तसे. जुनं रेक्झिन, त्यांनी स्वतःला सांगितलं. जुनं रेक्झिन परत फुगत नाही. तळहातानं थोपटून त्यांनी ते सारखे केले. हात उचलला तसे ते पुन्हा खाली गेले.

४

शिकार अंगात आली की माणूस जेवण विसरतो. कुंदनशेठनी ठरवलं, आता एकदा एकट्यानं चालवायची आणि लगेच मोजायची.

कारखान्यांच्या मधल्या रुंद रस्त्यावर त्यांनी गाडी सोडली. दुपारचं लख्ख ऊन. कामगार सायकलवरून जाताना "क्या बात है शेठ, हीरो!" म्हणून ओरडत होते. कुंदनशेठनी हात हलवला. इंजिन गात होतं, खरंच गात होतं.

मग सूर खाली यायला लागला.

त्यांनी पाय दाबला, गियर उतरवला. काही फरक नाही. गाडी बाजूला घेतली तोवर सगळं थांबलं होतं. बाहेर कुठल्याशा भट्टीचा घुमणारा आवाज होता, पण काचा वर असल्यासारखा लांब. काचा तर उघड्या होत्या.

आणि मागून आवाज आला. सीटच्या स्प्रिंगांचा. अगदी साधा. एस.टी.त माणसं सरकून शेजाऱ्याला जागा करून देतात तेव्हा येतो ना, तसा.

कुंदनशेठनी आरशात पाहिलं नाही. त्यांनी मनाशी सगळी कारणं मांडली: धातू तापतो, तापून वाढतो, थांबल्यावर आक्रसतो, आवाज करतो. बरोबर. सगळं बरोबर. तरीही मानेवर कोणीतरी ओला हात ठेवावा तसं त्यांना झालं, आणि लगेच अंगातून काहीतरी ओढून काढल्यासारखं हलकं वाटलं. खरं सांगायचं तर छान वाटलं. गुडघेदुखी गेल्यासारखं.

पाच मिनिटांनी अर्ध्या चावीवर गाडी सुरू झाली.

काट्यावर ते उतरले, आणि या वेळी उतरताना त्यांनी चालकाच्या सीटकडे पाहिलं. माणूस उठला की दबलेली गादी वर येते. ही आली नाही. जिथं ते बसले होते तिथं ते अजून बसलेलेच होते, असं म्हणा हवं तर.

"एक हजार साठ," रूपेश खिडकीतून म्हणाला. "शेठ, ही तं दहा-दहानं जाडी होतेय. बाळंतपण जवळ आलंय का?"

५

दुकानात मेहुल आणि हिमानी वाट पाहत होते. मेहुल नव्या कुडत्यात, काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभा. हिमानी हातात पहिली पत्रिका घेऊन. माहीम-केळव्याकडे लग्नाची पहिली पत्रिका देवीला ठेवतात, पण गडबडीत ती तेवढी राहून गेली होती.

"पप्पा, चावी! देवीला गाडीतूनच जायचं ठरलंय."

"अगं बंद पडते ती."

"पडली तर पडली. पाच मिनिटांत सुरू होतेच की," मेहुल हसला. "काका, तेवढा पंखा कमी कराल?"

शेठनी पंखा कमी केला. त्यांच्या डोक्यात आकडे नाचत होते, जावयाकडे नीट पाहायला कोणाला सवड? त्यांनी स्वतःच्या हातानं चावी दिली. "बंद पडली तर वहीत लिहायचं, काय? एकूण एक."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि हसू दाबलं. मग ते गेले.

वहीची एक प्रत शेठनी स्वतःकडे उतरवून ठेवली होती. ते गादीवर मांडी घालून बसले. सात ओळी. आठवी आज त्यांची स्वतःची. वाढलेल्या दीडशे किलोंशी त्यांनी बंद पडण्याच्या वेळा जुळवल्या, जमलं नाही. मिनिटं मोजली, जमलं नाही. मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. गाडीत कोण. आज एक माणूस, दहा किलो. मेहुल एकटा चार वेळा, म्हणजे चाळीस. मेहुल आणि नामदेव दोन वेळा, दोघांचे मिळून चाळीस. नामदेव आणि ते स्वतः एकदा, वीस. आजचे दहा.

एकशे दहा! एका माणसामागे, एका बंद पडण्यामागे, दहा किलो! कुंदनशेठ जागेवरून उठलेच. का, कसं, ते नंतर. पण मेळ बसत होता! एवढा आनंद त्यांना दिवाळीच्या चोपडीपूजनालाही होत नसे.

फक्त एक गोष्ट. काटा एकशे पन्नास दाखवत होता. चाळीस शिल्लक राहत होते.

तेवढ्यात नामदेव आत आला. पायांत चप्पल नाही, चेहरा कसनुसा.

"शेट, एक सांगू? हसायचं नाय."

"हसणारच. बोल."

"आज पहाटे होडीवर चढलो. आमची लहान होडी, मांजर चढलं तरी डुलते. मी पाय ठेवला तं हललीच नाय म्हणा ना. भाऊ पाठमोरा होता, त्याला कळलंच नाय मी आलो. म्हणतो कसा, तू कवा चढलास?"

"वाळलेला बोंबील झालास तू!" कुंदनशेठ हसले. "चल, चढ आपल्या काट्यावर. किती रे तुझं? पासष्ट?"

भंगार मोजायचा फलाटाचा काटा कोपऱ्यात होता. नामदेव चढला. काटा पस्तिसावर थांबला.

"बिघडलाय," दोघं एकदमच म्हणाले.

शेठनी वीस किलोचं ओतीव माप आणून ठेवलं. वीस. दोन मापं ठेवली. चाळीस. मापं उतरवली आणि ते स्वतः चढले. ते ऐंशीचे. गेली कैक वर्षं ऐंशीचे, हंसाबाईंच्या तुपाचे. काटा साठावर आला आणि तिथंच राहिला.

नामदेव तीन वेळा. ते दोन वेळा.

दुकानात पंखा सावकाश फिरत होता. कोणीच हसलं नाही.

"शेट," नामदेव म्हणाला, "मेहुल किती वेळा?"

वहीप्रमाणे सहा. साठ किलो. मेहुल साधारण ऐंशीचा. आणि ते चाळीस, जे कोणी लिहिले नव्हते. दोन माणसं, दोन वेळा. लग्नाआधी पोरगा चोरून कोणाला फिरवेल, हे कळायला कुंदनशेठना वही लागणार नव्हती.

ऐंशी वजा ऐंशी. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. लेकीचा हिशोब त्यांनी केला नाही. ती भरपेट जेवून काट्यावर चढली तरी पन्नासच्या पुढं जात नसे.

६

"हिमू, कुठं आहेस?"

"माहीमच्या किनाऱ्यावर, पप्पा! देवीला पत्रिका ठेवली, आता फोटो काढतोय. इतकं छान ऊन आहे!"

"याआधी कधी बसली होतीस त्या गाडीत?"

फोनवर वारा. मग हसू. "मम्मीला सांगू नका हं. गेल्या शुक्रवारी. सुरूंच्या बागेत."

"किती वेळा बंद पडली?"

"दोनदा."

"वहीत का नाही लिहिलं?"

"अहो पप्पा! आम्ही दोघं फिरायला गेलो, हे तुमच्याच वहीत लिहून ठेवायचं?"

"आज?"

"आज..." ती थांबली. "आज थोडी अडखळतेय. इथं वारा फार आहे, पप्पा, ऐकू येत नाही नीट."

"परत गाडीत बसू नकोस. ऐकलंस? मी येतोय. मी येईपर्यंत बसू नकोस."

नामदेव स्कूटरवर मागे बसतो म्हणाला. शेठनी नको म्हणून मान हलवली. परत येताना मागची जागा लागणार होती.

स्कूटर उमरोळीवरून, कोळगाववरून, पालघरमधून सुटली. अशी कधी चालवली नव्हती त्यांनी. सगळ्या रस्त्यानं त्यांचं डोकं त्यांच्याशी वाद घालत होतं. काट्याला दमट हवा लागली असेल. ओतीव मापंही झिजतात. माणसाचं वजन माणसाबरोबर उतरतं, जगात कुठंही उतरतं. वादात ते जिंकत होते, आणि मूठ आणखी पिळत होते.

ओहोटी लागली होती. किनाऱ्यावरची वाळू ओली, काळी, कडक. बैल चालला तरी जेमतेम खूर उमटावेत अशी. त्या वाळूत डुक्करगाडीची चाकं निम्मी रुतली होती.

हिमानी सुरूच्या खोडाला एक हात गुंडाळून उभी होती. ओढणी आडवी उडत होती. गाडीपासून झाडापर्यंत तिची पावलं उमटली होती. टिटवी चालून जावी, तेवढी उथळ.

मेहुल गाडीच्या दाराशी होता. हँडल मुठीत घट्ट, जसं भरतीत होडीची दोरी धरतात. तो हसत होता. कुंदनशेठनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे, मग पायांच्या मागं. पुढून, मागून, चारी बाजूंनी वाळू कोरी होती.

"काका, काय झकास चालतेय! मध्येच थोडी थांबते, तेवढंच."

"मेहुल, हात दे. ये इकडे."

"नको काका." तो अजून हसत होता, पण डोळे तसे नव्हते. "हे सोडलं ना, की... वारा फार आहे. आत बरं वाटतं."

"मेहुल!"

"आत सगळे आहेत," तो म्हणाला, आणि मग स्वतःच्याच बोलण्याचं नवल वाटल्यासारखा थबकला. "म्हणजे, आत जागा आहे."

त्यानं दार उघडलं आणि तो आत गेला. गाडी केसभरही खाली बसली नाही. मागच्या स्प्रिंगा तेवढ्या वाजल्या, एकामागून एक, सरकून घेतल्यासारख्या. काचेआड मेहुलच्या खांद्यापलीकडे काय होतं ते कुंदनशेठनी पाहिलं. किती होतं ते मोजलं नाही. त्यातला एक पाठमोरा माणूस चिंचणीच्या दिशेला तोंड करून बसला होता, आणि त्याच्या टकलावरची खूण त्यांनी आयुष्यभर, न्हावी डोक्यामागं धरतो त्या आरशात पाहिली होती.

चावी अर्धी फिरली. इंजिन सुरू झालं. एवढा गोड, एवढा भरलेला सूर त्यांनी कधी ऐकला नव्हता.

ते धावले ते झाडाकडे. लेकीचा हात धरला. हात ऊबदार होता, नेहमीचाच, मेंदी रंगलेला. त्यांनी ओढलं आणि ती आली, पतंगासारखी. एवढ्याशा ओढीनं यायला नको होती.

"पप्पा, मेहुलला असं सोडून? तो काय म्हणेल?"

"त्याच्यासाठी परत येईन. नामदेवला घेऊन, दोर घेऊन येईन. आधी तू."

तिला स्कूटरवर बसवलं. तिची ओढणी तिच्या कमरेभोवती, मग स्वतःच्या कमरेभोवती घट्ट बांधली. ती हसायला लागली. "मी काय लहान आहे का? पडणार नाही हो." कुंदनशेठनी किक मारली. मागची स्प्रिंग दबल्याचं काही जाणवलं नाही.

किनाऱ्यावरून वाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत तो गोड सूर मागून येत राहिला. मग तो खाली खाली गेला, सावकाश, चढण लागल्यासारखा. आणि थांबला.

"पप्पा, परत बंद पडली वाटतं. लिहायला हवं ना?"

"मागं बघू नकोस."

नारळांच्या सावल्या रस्त्यावरून भराभर मागे पळत होत्या. समोरून येणाऱ्या एका बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या मागे पाहिलं, आणि काही न कळल्यासारखी उभी राहिली. कुंदनशेठची पाठ मोकळी होती. खांद्यावर हात असायला हवा होता. असेलही.

"हिमू!"

"ओ?"

"बोलत राहा. गप्प बसू नकोस. शुक्रवारपासून सुरुवात कर आणि आजचं सगळं सांग. कुठं बंद पडली, किती वेळा, तेव्हा तू आत होतीस की बाहेर. मी रागावणार नाही. लाजू नकोस, पप्पाला बरं वाटावं म्हणून कमी सांगू नकोस. एकही गाळू नकोस, बाळा. हिशोब खरा सांग."